पावणेचारची तिन्हीसांज

अ‍ॅबर्डीनला डिसेंबरात
पावणेचारलाच अंधारतं.
भिंती सगळ्या ग्रॅनाइटच्या. आधी त्या विझतात, मग आभाळ.
मी औषधांच्या दुकानात डब्यांवर लेबलं चिकटवते,
जेवणानंतर एक, झोपताना दोन,
आणि काचेबाहेर दिवस आवरला जातो
गिऱ्हाईक दारात असताना शटर ओढावं तसा.

अशाच एका दिवशी कागदी पिशवीच्या पाठीवर
अकरा ओळी लिहिल्या.
नाव दिलं तिन्हीसांज.
इथे ती तीनलाच निघते म्हणून तिन्ही,
असा एक पांचट विनोदही आत होता.
रात्री फोनवरून सोडून दिली जगात.
मराठी कळफलक रुसला होता,
म्हणून नाव तेवढं रोमन अक्षरांत.
सतरा जणांनी पाहिली. त्यातले चार माझे आतेभाऊ.
एकाने विचारलं, तिकडे कांदे काय भाव?

मग चौदा महिने काही नाही.

चौदा महिन्यांनी मोराग उकिडवेचं पत्र आलं, इंग्रजीत:
माझे वडील मनोहर, वय सत्त्याऐंशी,
ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला.
मेंदूत रक्त साकळलं आणि त्यांचं इंग्रजी गेलं,
सगळंच्या सगळं.
जे उरलंय ते मला कधी शिकवलंच नाही त्यांनी.
रोज दुपारी एकच काहीतरी ओरडतात.
मला वाटलं बाईचं नाव आहे. संजा.
आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मला राग आला.
शेवटी ऐकू येईल तसं टाइप करून शोधलं,
आठ तऱ्हांनी.
आठव्या वेळी तुम्ही सापडलात.

गुरुवारी गेले. टॉरीत, बंदराच्या पलीकडे.
जिन्यात माशांच्या धुराचा वास.
म्हातारा खिडकीशी. मोराग दाराच्या उंबऱ्यावर बसलेली,
पन्नाशीची, तांबड्या केसांची,
नाक मात्र थेट रत्नागिरीचं.
"तिन्हीसांजा झाल्या!" तो कडाडला.
"उंबऱ्यावर काय बसतेस? ऊठ! दिवा लाव आधी."

मी तिला सांगितलं.
ती उठली. कोपऱ्यातला टेबललॅम्प लावला.
तो गप्प झाला.
तीन महिन्यांत पहिल्यांदा, ती म्हणाली,
आणि रडेल असं वाटत असताना हसत सुटली:
म्हणजे मला ओरडत होते! मलाच!

मग मी त्याला ती कविता वाचून दाखवली.
बोल्ट घट्ट बसलाय का पाहावं तशी ऐकली त्याने.
म्हणाला, तिसरी ओळ सैल आहे.
आणि तो तीनचा विनोद काढ.
एवढं लक्ष देऊन मला आजवर कुणी वाचलं नव्हतं.
मोरागने निघताना हातात दिला
कागदात बांधलेला, धुरी दिलेला हॅडॉक.

आता गुरुवार त्यांचे आहेत.
तिच्या वहीत बासष्ट शब्द झालेत:
पाना, वंगण, चेंगट, उसंत, कार्टी.
कार्टीच्या पुढे तिने अर्थ लिहिलाय: मी.

गेल्या आठवड्यात इन्व्हरनेसच्या इस्पितळातून फोन.
एक बाई आहेत, काय बोलतात कुणालाच कळत नाही,
मोरागने तुमचं नाव दिलं.
फोन त्यांच्या तोंडाशी धरला. अहिराणी होती.
मला अहिराणी येत नाही, म्हटलं.
तरी या, म्हणाले.
तुमच्याहून जवळचं कुणी सापडत नाहीये.

प्रवासखर्चाच्या फॉर्मवर पेशा असा रकाना आहे.
लेबलं चिकटवते, असं लिहिलं. मग खोडलं.
हंटली गेलं तसा
गाडीच्या काचेत माझाच चेहरा दिसायला लागला,
डब्यातले दिवे आपोआप लागले.
रकाना अजून कोरा आहे.
तिसरी ओळ घट्ट केलीय.
विनोद मात्र ठेवलाय.